शेतावाचूनचा आगेरा

साष्टीतील ईस्ट इंडियन समाजाचा आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येतो. भाताच्या नव्या लोंब्या मिरवीत चर्चमध्ये न्यायच्या, त्यांवर आशीर्वाद मागायचा आणि देणाऱ्याची उपकारस्तुती करायची, एवढाच मूळ विधी. लॅटिनमध्ये 'आगेर' म्हणजे शेतच.

आता अंधेरीजवळच्या मरोळकडे पाहावे. जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेले तेथील सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च १८४० च्या सुमारास साथीमुळे ओस पडले. उपासना नव्या जागी गेली. १९७३ मध्ये त्याच परिसरात सीप्झ उभे राहिले आणि पडक्या भिंती औद्योगिक कुंपणाच्या आत सापडल्या. भोवतालची भातशेतीही कारखान्यांनी आणि इमारतींनी गिळली. आगेरा मात्र उपनगरांत टिकला.

याला निव्वळ स्मरणरंजन म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. पीक घरात आल्यावर मानलेल्या आभारांत थोडा हिशेब असतोच. शेतच हातचे गेल्यावर केलेली उपकारस्तुती निराळी; पौलाने बंदिवासातून फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राशी तिचे नाते अधिक जवळचे. शेत न उरलेल्या धर्मग्रामांना लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात, आणि त्या आणल्या जातात.