नकाराचे बळ

अमुक मजुरीच्या खाली काम करावयाचे नाही, अशी एक मर्यादा प्रत्येक मजुराच्या मनाशी असते. ही मर्यादा ठरविते कोण? मजुराची इच्छा, की त्याच्या घरातील धान्य? मालक वर्षभर थांबू शकतो, पण अनेक मजुरांना कामावाचून आठवडाही काढता येत नाही, हे ॲडम स्मिथने १७७६ सालीच नोंदविले होते. दोनशे वर्षांनी दिल्लीत हाच प्रश्न न्यायासनापुढे आला.

नोव्हेंबर १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडासामने व्हावयाचे होते. क्रीडागारे, उड्डाणपूल, खेळाडूंची वसाहत यांची कामे घाईने चालली होती. जमादारांनी राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा अशा प्रांतांतून मजूर आणले होते. किमान रोजमजुरी ९ रुपये २५ पैसे होती. ठेकेदार ती जमादाराच्या हाती देत. जमादार त्यातून रुपया कापून घेई आणि मजुराच्या पदरी ८ रुपये २५ पैसे पडत. स्त्रियांना तर सातच रुपये मिळतात, अशी तक्रार होती.

कोणी त्यांना साखळदंडाने बांधले नव्हते. ती माणसे आपल्या पायांनी आली होती. मग ही वेठ कशी? लोकशाही हक्कांसाठी झटणाऱ्या एका संघटनेचे पत्र हीच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने १८ सप्टेंबर १९८२ रोजी याचे उत्तर दिले. बळजबरी केवळ दंडुक्याची नसते, भुकेचीही असते. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात कोणी राबत असेल, तर तो लाचारीनेच राबतो असे मानावे. अशी मजुरी म्हणजे संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठच होय, असे न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले.

निकालाने मजुरीचा तळ निश्चित केला. परंतु दिल्लीत पत्करलेली ती मजुरी खरोखर ठरली होती मजुराच्या गावी, जेथे दुसरे काम नव्हते. या दुसऱ्या अंगाचा विचार महाराष्ट्राने आधीच केला होता. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकारास आली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरांतील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावरील व्यवसायकरातून तिला पैसा मिळे. मागेल त्याला काम, हे तिचे वचन होते. ते जेथे पाळले गेले, तेथे मजुराला कमी मजुरी नाकारण्यास आधार मिळाला. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने हेच तत्त्व देशभर नेले.

कायदा मजुरीचा आकडा लिहू शकतो. तो मागण्याचे धैर्य मात्र, नकार दिल्यावरही घरची चूल पेटेल या भरवशातूनच येते.