जत्रेनंतरचं कुत्रं

मुळशीच्या कुत्र्याला तूप कधी दिसलंच नव्हतं, त्यामुळे ते त्याला पचतं की नाही हा प्रश्नच नव्हता. मी पशुधन पर्यवेक्षक होतो, लोकांच्या तोंडी ‘ढोरांचा डॉक्टर’. म्हशींची वार काढण्यात आणि बैलांना घटसर्पाची लस टोचण्यात नोकरी संपली. कुत्रं कुणी दवाखान्यात आणतच नसे. ते दारात असायचं, घरात उरेल ते खायचं, आणि घरात फारसं उरत नसे.

उरणार तरी कुठून? ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह उभा केला, ते टाटांचं धरण झालंच, आणि नदीकाठची भातखाचरं पाण्याखाली गेली. जी घरं मागे राहिली ती वर सरकली, उतारावरच्या नाचणी-वरईवर आली. तेल पळीनं मोजून वापरणाऱ्या घरातल्या कुत्र्याला शिळी भाकर ताकात कुस्करून मिळे, नाहीतर भाताची पेज. धनगराचं कुत्रं दिवसभर शेळ्यांमागे डोंगर चढायचं-उतरायचं. जाडं कुत्रं मी लहानपणी पाहिल्याचं आठवत नाही.

अपवाद एकच, चैत्रातली जत्रा. पहिल्या दिवशी देवाला पोळीचा नैवेद्य आणि दुसऱ्या दिवशी बोकड. परसात बोकड सोलला जाई तेव्हा वाडीतली सगळी कुत्री कुंपणाशी जीभ काढून बसलेली असत. आतड्यावरची जाळीसारखी पांढरी चरबी कुणी ओरबाडून फेकली, की ती जमिनीला टेकायच्या आत गट्टम. रात्री तर्रीत भिजलेल्या भाकरी आणि हाडं. सकाळी पडवीखाली पिवळ्या ओकाऱ्यांचा सडा, परसभर ढाळ, आणि त्यातच गळाठून पडलेला आमचा मोत्या.

आजी त्याला मेढीला बांधून ठेवायची. खायला काही नाही, फक्त पाणी, तेही थोडं थोडं, कारण एकदम भांडंभर प्यायला की पुन्हा ओकणार. संध्याकाळी बिनमिठाची पातळ पेज. “जत्रा उतरू दे त्याची,” म्हणायची. बहुतेक वेळा उतरायची.

पुढे खात्यात शिकलो तेव्हा कळलं, की आजीचा इलाज साध्या बिघडलेल्या पोटापुरता बरोबर होता. धडधाकट, मोठ्या कुत्र्याला एखाददुसरी उलटी झाली, तर काही तास पोटाला विश्रांती आणि मग मऊ भात, कातडं काढून उकडलेली कोंबडी, तेही चमच्याचमच्यानं, एवढं पुरतं. पिल्लाला मात्र उपाशी ठेवायचं नाही. पण चरबीचा मोठा मारा झाला, की कधीकधी स्वादुपिंडच सुजतं. अन्न पचवायचा रस आतड्यात जाण्याआधीच, ग्रंथीतच जागा होतो आणि तिलाच जाळू लागतो. मग उलटी थांबत नाही, पोटाला हात लावू देत नाही, पुढचे पाय जमिनीला टेकून ढुंगण वर करून उभं राहतं, जणू दंडवत घालतंय. इथे पेज उपयोगाची नाही. सलाईन लागतं, वेदनेचं औषध लागतं, आणि तेही पशुवैद्यानंच द्यायचं. घरातली माणसांची गोळी घशात कोंबून, मिठाचं पाणी पाजून लोक वेळ घालवतात आणि जनावरही घालवतात. जत्रेनंतर दर वर्षी एखादं कुत्रं ‘असंच’ मरायचं. त्यातली काही याच दुखण्यानं गेली असावीत, असं मला आता वाटतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीला आयटी पार्क उभं राहिलं, पौड-ताम्हिणी रस्त्याला जमिनी विकल्या गेल्या. ती कथा २०१८च्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटानं सगळ्यांना सांगितली; त्या जमिनींवरच्या कुत्र्यांकडे कॅमेरा वळला नाही, एवढंच. फार्महाऊसं आली, त्यात लॅब्रॅडॉर आले. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की या जातीतल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांत एका जनुकाचा तुकडाच गायब असतो आणि ती जास्त हावरी असतात. अशा कुत्र्यापुढे शनिवार-रविवारची पार्टी. वर्षाची जत्रा आता आठवड्यावर आली. गावातली कुत्रीही रिसॉर्टच्या मागच्या ढिगावर बटर चिकन चाटतात. त्या रश्शात कांदा-लसूण असतो, तो कुत्र्याच्या रक्ताच्या तांबड्या पेशी फोडतो, हे निराळंच.

एका फार्महाऊसच्या मालकानं मला ऐकवलं, “नामदेव महाराज तर तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले होते!” म्हटलं, साहेब, त्या कुत्र्यानं कोरडी भाकर पळवली होती, तंदुरी नाही.

त्यांच्या कुत्र्याला स्वादुपिंड सुजल्यानं पुण्याला न्यावं लागलं होतं. गाडीत मागे बसून त्याला मांडीवर धरून नेलं ते राखणदारानं. फार्महाऊसची ती जमीन पूर्वी त्याच्याच घरची. पूर्वी अशा कुत्र्याला चार-चार दिवस उपाशी ठेवत. आता उलटी आवरली की लवकरच कमी चरबीचं खाणं सुरू करतात, आणि पुढेही बहुधा तेच चालू ठेवावं लागतं. राखणदार ते नेमानं पाळतो. त्याचं स्वतःचं कुत्रं मागच्या पत्र्याच्या खोलीपाशी बांधलेलं असतं, अजून ताक-भाकरीवर. रविवारी पाहुणे जेवायला बसले, की तो मालकाचा लॅब्रॅडॉरही आपल्या कुत्र्याशेजारी नेऊन बांधतो आणि दार ओढून घेतो.