फिल्टर नेमकं काय गाळतो? खाऱ्या पाण्याच्या टाकीचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानात माशांच्या टाकीचा फिल्टर कुठून आला, असं काहींना वाटलं असेल. सांगतो. गोड्या पाण्याची टाकी दोन वर्षं सांभाळली, हात बसला, की माणसाला खाऱ्या पाण्यातला क्लाउनफिश खुणावायला लागतो. पोरं त्याला 'निमो' म्हणतात. मग तो दुकानात जाऊन विचारतो, "फिल्टर कुठला घेऊ?" दुकानदार किमती सांगतो. घरी आणलेले मासे आठवड्याभरात जातात, आणि पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ असतं. ह्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यानं माणसाला कसं चकवलं, त्याचाच हा इतिहास आहे. दुकानातला प्रत्येक फिल्टर म्हणजे कुठल्यातरी जुन्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्रश्न कळला की खरेदी सोपी होते.

१८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणलं. लंडनला समुद्र नाही. आणलेलं पाणी पुरवायचं कसं? बाईंनी मोलकरणीला कामाला लावलं. उघड्या खिडकीपाशी उभं राहून अर्धा-पाऊण तास पाणी ह्या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं. पाण्यात हवा मिसळायची आणि प्रवाळ जगायचं. ॲना थिन यांचं नाव पुस्तकांत आहे, त्या मोलकरणीचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. माझ्या लेखी पहिला एअर पंप म्हणजे तिचे हात. खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, त्यामुळे तिचं काम आपल्या गोल्डफिशच्या टाकीतल्या पंपापेक्षा जास्त मोलाचं होतं.

पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ घातलं. त्याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्रज्ञ गोड्या पाण्यात दोन गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि सडकी पानं खायला गोगलगायी असा मेळ बसवत होता. १८५० साली त्यानं ते प्रसिद्ध केलं. कल्पना मोठी देखणी होती: वनस्पती प्राणवायू देते, प्राणी कर्बवायू देतो, जमाखर्च जुळतो, पाणी बदलायला नको. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं घर उघडलं. पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं पुस्तक आलं आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत समुद्राच्या टाक्यांची लाट आली.

गॉस यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती माणगावकरांच्या कामाची आहे. त्यांनी समुद्राचं पाणी घरी बनवलं. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांची क्लोराइडं. पण त्यात लगेच प्राणी सोडले नाहीत. आधी किनाऱ्यावरची खडी आणि हिरवं शेवाळ टाकलं, आठवडाभर थांबले, मगच प्राणी. त्यांना वाटलं शेवाळानं पाणी सुधारलं. खडीवरून काय आलं, ते कळायला अजून बराच वेळ होता.

त्या दिवाणखान्यांतल्या बहुतेक टाक्या नासल्या. जमाखर्च जुळत नव्हता, कारण एक खातं उघडलंच नव्हतं. मासा श्वास तर घेतोच, पण अमोनियाही सोडतो. उरलेलं खाणं कुजतं, त्यातूनही अमोनिया होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. आणि खाऱ्या पाण्यात त्याचा घात जास्त, कारण अमोनियाचा विषारी भाग पाणी जितकं अल्कधर्मी तितका वाढतो. समुद्राचा पीएच साधारण ८.२ असतो. ७ पीएचच्या पाण्याच्या मानानं तिथे तेवढ्याच अमोनियातला विषारी हिस्सा दहा पटींच्या घरात जातो. गोड्या पाण्यातली सवय खाऱ्यात चालत नाही ती इथे.

ह्या गोंधळात एक माणूस वेगळ्या वाटेनं गेला, विल्यम आल्फर्ड लॉइड. १८६४ साली हॅम्बुर्गला आणि १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यानं मत्स्यालयं उभारली. त्याची युक्ती तळघरात होती. लोकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी पट जास्त पाणी खाली, अंधाऱ्या, थंड हौदात. वाफेवर चालणारे पंप ते पाणी सतत वर चढवायचे, ते परत खाली यायचं. उडून जाईल तेवढं गोडं पाणी वरून भरायचं, बस. आपल्याकडे आज ज्याला 'संप' म्हणतात, ती टाकीखालची दुसरी टाकी म्हणजे लॉइडचं तळघर. पाणी जास्त असलं की चूक पचते, हे त्याला अनुभवानं कळलं होतं. पाण्याचा खरा रखवालदार कोण, हे त्यालाही माहीत नव्हतं.

तो सापडला पॅरिसच्या मैलापाण्यात. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडलं. पहिले वीस दिवस काही नाही. अमोनिया जसाच्या तसा बाहेर. मग अचानक तो घटायला लागला आणि त्याचं नायट्रेट व्हायला लागलं. आता मला सांगा, वाळू जर गाळत असेल तर तिनं पहिल्याच दिवशी गाळायला हवं ना? वीस दिवस कशासाठी? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद. थोड्या मातीचं धुवण ओतलं, काही दिवसांनी काम परत सुरू. म्हणजे वाळू नव्हे, वाळूवर राहणारं काहीतरी जिवंत हे काम करत होतं. १८९० साली झुरिकमध्ये विनोग्राड्स्कीनं ते जिवाणू वेगळे काढून दाखवले.

ह्या प्रयोगाजवळ मी मुद्दाम रेंगाळतोय, कारण माझ्या मते मासे पाळण्याच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा प्रयोग आहे आणि त्यात मासा एकही नाही. फिल्टर म्हणजे चाळण नाही, वस्ती आहे. वस्तीला बसायला जागा लागते, प्राणवायू लागतो, खाणं लागतं, आणि ते वीस-तीस दिवस लागतात. मैल्याच्या पाण्याचे अभियंते हे लवकर शिकले. मासे पाळणारे बरेच मागाहून.

पुढचं भराभर सांगतो. १९५० च्या दशकात खडीखालचा फिल्टर आला: टाकीच्या तळाची खडी हीच वस्ती. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक, म्हणजे जिवाणूंनी भरलेले प्रवाळाचे सच्छिद्र दगड, आणि हवेचे मोजके बुडबुडे एवढ्यावर समुद्री टाकी चालवून दाखवली. जर्मनांनी स्किमर आणला. तो बारीक बुडबुड्यांच्या फेसावर घाण चढवून ती कुजायच्या आत बाहेर टाकतो, आणि तो फेस खाऱ्या पाण्यातच नीट धरतो. १९८६ नंतर अमेरिकेत प्लॅस्टिकच्या गोळ्यांवरून पाणी ठिबकवणाऱ्या फिल्टरांची चलती झाली. ते अमोनिया झटक्यात संपवतात, पण नायट्रेट साचवत जातात, म्हणून पुढे त्यांनाच नावं ठेवली गेली.

आपल्याकडे काय? मद्रासला मरिनावर १९०९ साली मत्स्यालय झालं. मुंबईचं तारापोरवाला १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलं, तेही मरीन ड्राइव्हवर. दोन्ही समुद्राच्या काठाला. माणगाव काळ नदीवर आहे. श्रीवर्धन-दिघीचा समुद्र इथून चाळीस-पन्नास किलोमीटर. आपली अडचण मद्रास-मुंबईची नाही, ॲना थिन यांची आहे.

त्यात दोन गोष्टी इथल्या. पहिली, कायदा. २००१ पासून कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे ली चिन एंग यांची पद्धत, जिच्यावर परदेशातली निम्मी पुस्तकं उभी आहेत, ती जशीच्या तशी आपल्याला बंद आहे. कुणी "ओरिजिनल लाइव्ह रॉक" विकायला आणला तर घेऊ नका. मला हे बंधन योग्यच वाटतं. गॉस यांच्या मुलानं पुढे लिहून ठेवलंय, की वडिलांच्या पुस्तकानंतर हौशी लोकांनी इंग्लंडचे खडकाळ किनारे ओरबाडून उजाड केले. आपण भाजलेल्या सिरॅमिकच्या सच्छिद्र चकत्या वापरू शकतो. जिवाणूंना पत्ता चालतो, खानदान लागत नाही. आपला जांभा सच्छिद्र दिसतो म्हणून मोह होईल, पण त्यात लोह भरपूर, मी तो टाकणार नाही.

दुसरी गोष्ट, वीज. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ इथे कुणाला सांगायला नको. कितीतरी गावांत दिवसेंदिवस लाइट नव्हती. अशा वेळी तो महागडा, बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर बघा. पाणी थांबलं की डब्यातल्या वस्तीचा प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरतात, आणि लाइट आल्यावर ते कुजकं पाणी थेट माशांवर येतं. त्याच वेळी पाचशे रुपयांच्या आतला स्पंज फिल्टर बॅटरीच्या एअर पंपावर चालत राहतो. त्या मोलकरणीचं काम आणि श्लोझिंगच्या नळीचं काम, दोन्ही एकाच स्पंजात होतं.

म्हणून मी नवख्याला सांगतो: शंभर लिटरची टाकी, खाली जमेल तेवढा मोठा संप, त्यात सिरॅमिक चकत्या, आणि वर टाकीत एक स्पंज, बॅटरीच्या पंपासकट. संप काठोकाठ भरू नका. लाइट गेली की वरचं थोडं पाणी खाली उतरतं, त्याला जागा हवी, नाहीतर फरशीवर दिघीचा किनारा. स्किमर नंतर घेतला तरी चालेल. दोनच मासे असतील आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणार असाल तर घाई नाही. मासेही समुद्रातून पकडलेले नकोत, हॅचरीत वाढवलेले क्लाउनफिश मिळतात तेच घ्या.

आत्ता मागून एकांनी विचारलं, "पाणी दिवेआगरहून कॅनमध्ये आणलं तर?" पावसाळ्यात अजिबात नको. नद्या-खाड्यांचं गोडं पाणी मिसळून किनाऱ्याजवळचा खारटपणा घसरतो, गाळ येतो तो वेगळाच. लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार हे समुद्राचं माप. दुकानातलं समुद्री मीठ त्या मापानं विरघळवा, शंभर लिटरला साडेतीन किलो. स्वयंपाकाचं मीठ नव्हे.

आणि मासे कधी सोडायचे? टाकी भरून फिल्टर सुरू केला की एक सोललेली, ताजी कोळंबी आत टाका. सुकट नको, मीठ-हळद लावलेली तर नकोच. ती कुजेल, अमोनिया चढेल. चाचणीचं किट घेऊन दर दोन दिवसांनी मोजा. तीन-चार आठवड्यांनी अमोनिया शून्यावर येतो, मागोमाग नायट्राइटही. दोन्ही शून्यावर दिसले, की दुकानात जायला हरकत नाही.