पंडिता रमाबाई व शिकविण्याचा अधिकार

भोसरीच्या कारखान्यांच्या पट्ट्यांत पोटासाठीं दूरदूरच्या जिल्ह्यांतून येऊन राहिलेलीं जीं कुटुंबें आहेत, त्यांत कांहीं ख्रिस्ती कुटुंबेंहि आहेत. अशाच एका घरची मुलगी कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या इतिहासाच्या वर्गांत होती. एके दिवशीं तास संपल्यावर ती मागें थांबली व म्हणाली, "सर, माझी आई रविवारच्या शाळेंत मुलांना शिकविते, आजाऱ्यांच्या घरीं जाऊन प्रार्थना करिते, मयताच्या घरीं माणसांना धीर देते. मग मंडळीपुढें उभें राहून उपदेश करण्याची वेळ आली कीं, तेवढेंच तिला कां चालत नाहीं?" प्रश्न धर्मशास्त्राचा होता आणि आमचा विषय इतिहास. म्हणून आम्ही तिला शास्त्रार्थ न सांगतां एक हकीगत सांगितली. तीच येथें थोड्या विस्तारानें देत आहों.

हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती समाजाचा आहे असें समजून इतर वाचकांनीं पान उलटूं नये. जो धर्म ग्रंथाला प्रमाण मानतो, त्या प्रत्येक धर्मांत ग्रंथ वाचावा कोणी, त्याचा अर्थ सांगावा कोणी, आणि तो मुकाट्यानें ऐकावा कोणी, हा वाद केव्हां ना केव्हां उपस्थित होतोच. पंडिता रमाबाईंच्या चरित्राचें विशेष हें कीं, त्यांस हा वाद दोन धर्मांत व दोन खंडांत ऐकावा लागला. आणि दोन्ही ठिकाणीं पूर्वपक्ष जवळजवळ एकच होता.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकवूं लागले, तेव्हां त्यांजवर स्वजातीयांचा रोष झाला. उडुपी येथें पंडितांपुढें त्यांस आपल्या वर्तनाचा जबाब द्यावा लागला. ग्रंथांतील आधार गोळा करून, स्त्रियांस संस्कृत विद्या देण्यास शास्त्राची आडकाठी नाहीं, असें त्यांनीं प्रतिपादिलें. वेद मात्र त्यांनींहि वर्ज्यच मानले. २३ एप्रिल १८५८ रोजीं जन्मलेल्या रमाबाईंस संस्कृताचे धडे मिळाले ते मुख्यतः मातुश्रींपासून. ज्या विद्येचा अधिकार बापानें वाद करून राखला, ती विद्या मुलीस आईच्या तोंडून मिळाली. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें इंग्लंडांत तिचें काम पडणार आहे.

१८७४ सालीं आईबाप दुष्काळाच्या हालांत निवर्तले. भाऊ श्रीनिवास याजबरोबर पायीं भटकत रमाबाई १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या. तेथील विद्वानांनीं त्यांची परीक्षा घेऊन त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनीं वेद वाचण्याविषयीं आग्रह केला, आणि बापानें जें दार बंद ठेवलें होतें तेंहि उघडलें. १८८० सालीं बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशीं विवाह व १८८२ सालीं वैधव्य. त्याच वर्षीं पुण्यास आर्य महिला समाजाची स्थापना व हंटर आयोगापुढें स्त्रीशिक्षणाविषयीं साक्ष, असा हा जीवनक्रम मोठ्या वेगानें चालला. पुरुषांनीं भरलेल्या सभांतून त्या शास्त्रावर बोलत. टीका पुष्कळ झाली. परंतु स्त्री बोलते म्हणून सभा रिकामी पडली, असें कधीं झालें नाहीं.

१८८३ सालीं त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील जोगिणींच्या मठांत राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं कन्या मनोरमेसह त्यांनीं तेथें अँग्लिकन पंथाचा बाप्तिस्मा घेतला. पुढें चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत डोरोथिया बील या विदुषीच्या हाताखालीं त्या शिकूं लागल्या व संस्कृत शिकवूंहि लागल्या. आमच्या विषयाचा प्रसंग येथेंच घडला.

१८८४ सालीं रमाबाईंनीं कांहीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावें अशी सूचना निघाली. प्रश्न वरपर्यंत गेला, आणि हिंदुस्थानांतील लाहोर व मुंबई येथल्या बिशपांनीं त्यास हरकत घेतली. हरकतीचें स्वरूप मोठें बोधप्रद आहे. स्त्रीनें पुरुषांस शिकविल्याचें हिंदुस्थानांत कळलें, तर तेथील लोकांत तिची अप्रतिष्ठा होईल व पुढील कार्यास बाध येईल, असें त्यांचें म्हणणें. ज्या बाईनें कलकत्त्याच्या पंडितांपुढें व पुण्याच्या सभांतून भाषणें केलीं होतीं, तिला हिंदुस्थानचें लोकमत कसें असतें हें इंग्रज बिशप समजावून सांगत होते! रमाबाईंनीं उत्तरांत आश्चर्य व्यक्त केलें. आपल्या आईनें वा आपण शिकविण्यास वडिलांनीं हरकत घेतली नाहीं, पतीनेंहि घेतली नाहीं. मग नव्या धर्मबंधूंनींच ती कां घ्यावी, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. उडुपीस वडिलांनीं जिंकलेला वाद मुलीस चेल्टनहॅम येथें पुनः लढावा लागला.

या प्रसंगांत बायबलांतील वचनापेक्षां लोक काय म्हणतील याचीच चिंता अधिक बोलत होती. रूढि जेव्हां एकटी उभी राहूं शकत नाहीं, तेव्हां ती शास्त्राचें पांघरूण घेते; आणि परक्या देशांत तें पांघरूणहि अपुरें पडलें, तर ती दुसऱ्याच्या रूढीचा हवाला देते.

पुढील दोन वर्षांत मठांतील सिस्टर जेराल्डिन यांच्याशीं रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, तो सिस्टर जेराल्डिन यांनींच जुळवून ठेवला होता. अ. भि. शहा यांनीं संपादिलेला तो संग्रह १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केला. त्यांत लहानमोठे वाद पुष्कळ आहेत. क्रूसावरचीं अक्षरें लॅटिन कां, संस्कृत कां नकोत, हा एक. अथनेशियसच्या नांवानें चालणारा मतांगीकार स्वीकारलाच पाहिजे काय, हा दुसरा. सर्वांच्या मुळाशीं एकच म्हणणें आहे: एका पुरोहितवर्गाच्या जोखडांतून मोठ्या कष्टानें सुटल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचें जोखड आपण मानेवर घेणार नाहीं, ग्रंथ मान्य आहे, परंतु तो आपण स्वतः वाचूं. सिस्टर जेराल्डिन यांस हा अहंकार वाटला. त्यांचा रमाबाईंवरील स्नेह खरा होता, हेंहि त्या पत्रांतच दिसतें.

आतां ग्रंथाकडे वळूं. स्त्रियांस उपदेशाची मनाई करणारे आधार मुख्यतः दोन. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायांत स्त्रियांनीं सभेंत गप्प राहावें असें आहे. आणि तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत स्त्रीनें शिकवूं नये व पुरुषावर अधिकार चालवूं नये असें आहे. हे आधार स्पष्ट आहेत. ते नाहींतच असें भासविणें अप्रामाणिकपणाचें होईल. तीमथ्याच्या पत्रांत तर आदाम प्रथम, हव्वा नंतर, असें सृष्टिक्रमाचें कारणहि दिलें आहे. म्हणून हा नियम सर्वकाळचा मानणारे लोक केवळ दुराग्रही आहेत असें म्हणतां येत नाहीं.

परंतु त्याच करिंथकरांच्या पत्रांत, तीन अध्याय आधीं, प्रार्थना करणाऱ्या व संदेश सांगणाऱ्या स्त्रियांनीं मस्तक आच्छादावें असा नियम आहे. जी बोलतच नाहीं, तिनें बोलतांना पदर घ्यावा असा नियम कोण कशाला करील? रोमकरांच्या पत्राच्या शेवटच्या अध्यायांत फिबी या स्त्रीस मंडळीची सेविका म्हटलें आहे; तेथला ग्रीक शब्द पौल स्वतःसहि लावतो. त्याच अध्यायांतील यूनिया हें नांव स्त्रीचें असल्याचें चौथ्या शतकांतील ख्रिसोस्तोम या आचार्यानें निःशंकपणें मानलें. पुढें कित्येक शतकांनंतर अनेक टीकाकारांनीं तिला पुरुष बनविलें. प्रिस्किल्लेनें पतीसह अपुल्लो या विद्वानास मार्ग अधिक नीट समजावून दिला. पुनरुत्थानाची वार्ता शिष्यांकडे नेणारी मग्दालीया मरीया होती. शिवाय तीमथ्याच्या पत्रांतील 'अधिकार चालविणें' या अर्थाचा ग्रीक शब्द सबंध नव्या करारांत एकदांच येतो, आणि त्याच्या अर्थाविषयीं पंडितांत एकमत नाहीं.

आणखी एक साधी गोष्ट. त्याच तीमथ्याच्या पत्रांत, त्याच अध्यायांत, स्त्रियांनीं वेण्या, सोनें व मोत्यें यांनीं स्वतःस शृंगारूं नये असेंहि आहे. लग्नाच्या दिवशीं सोनें घालून आलेल्या वधूस देवळाच्या दाराशीं कोणी अडवीत नाहीं. तो नियम त्या काळापुरता होता असें सर्वच समजतात. मग चार ओळींनीं पुढें आलेला नियम तेवढा त्रिकालाबाधित कां, याचें उत्तर मनाई करणाऱ्यांकडे मागणें गैर नव्हे.

रमाबाईंनीं मात्र या प्रश्नावर मोठासा वाद मांडीत बसण्यांत आयुष्य घालविलें नाहीं. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन निघालें, पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून निराधार मुलींना आणलें, आणि पुणें-सोलापूर लोहमार्गावरील दौंड तालुक्यांतल्या केडगांवीं १८९८ सालीं मुक्ति सदन उभें राहिलें. १९०० च्या सुमारास तेथें सुमारें दीड हजार बायका-मुली होत्या. शेत, विहिरी, गुरें, शाळा, माग, छापखाना, सर्व कारभार स्त्रियांच्या हातीं. ही संस्था कोणा एका पंथाच्या ताब्यांत नव्हती. म्हणून 'तुम्हांस हा अधिकार कोणी दिला' असें विचारणारा बिशपहि वर नव्हता.

१९०५ सालीं तेथें धर्मजागृतीची मोठी लाट उसळली. रडणें, मोठ्यानें प्रार्थना करणें, पापांची कबुली देणें असे प्रकार होऊं लागले. पुष्कळ पाद्रींनीं नाकें मुरडलीं. त्या वर्तनांत आजच्या विचारी वाचकासहि न रुचण्यासारखें कांहीं सांपडेल. परंतु मुलींच्या टोळ्या खेड्यांतून उपदेशास निघत होत्या, हें सत्य आहे. तेथील मिनी अब्रॅम्स या अमेरिकन मिशनरी बाईनें १९०६ सालीं या जागृतीवर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेंत चिली देशांतील एका मिशनरी दांपत्याच्या हातीं पडली, आणि १९०९ सालीं तेथें जी चळवळ झाली तिच्या उगमांत केडगांवचाहि वांटा आहे. भीमेच्या मुलखांतील दुष्काळग्रस्त पोरींची प्रार्थना ऐकून दुसऱ्या गोलार्धांतील मंडळी हलली. त्यांस उपदेशाचा परवाना मात्र कोणीच दिलेला नव्हता.

तथापि रमाबाईंचें खरें उत्तर याहून वेगळें होतें. प्रचलित मराठी बायबल खेड्यांतील बाईस समजत नाहीं, असें पाहून त्या इब्री व ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून सबंध बायबल सोप्या मराठींत आणण्याचें काम त्यांनीं उतारवयांत हातीं घेतलें. खिळे जुळविणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणाऱ्या मुक्ति सदनांतल्याच स्त्रिया. १९२१ सालीं मनोरमा वारली. तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या, त्यापूर्वीं थोडेच दिवस मुद्रितें तपासून संपलीं होतीं. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. ज्या ग्रंथाच्या आधारें स्त्रीनें शिकवूं नये असें सांगितलें जाई, तो ग्रंथच पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका स्त्रीनें समजावून दिला. भाषांतरकारास शब्दोशब्दीं अर्थ ठरवावा लागतो. आणि अर्थ ठरविणें हेंच तर शिकविणें.

येथें इतिहासकारानें थोडें सावध राहिलें पाहिजे. रमाबाईंनीं पाळकपदाची दीक्षा घेतली नाहीं. शास्त्रवचनांविषयीं त्यांचीं उत्तरवयांतील मतें सनातनी ख्रिस्ती वळणाचीं होतीं. वर मांडलेलें सर्व विवेचन त्यांस पटलें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. मुक्ति सदनांतील त्यांचें शासनहि एकहातीच होतें. त्यांस आजच्या एखाद्या पक्षाचें निशाण करणें हा त्यांजवर अन्याय होईल. त्यांच्या आयुष्यानें एवढेंच सिद्ध केलें कीं, नेतृत्वाचें काम आधीं होतें, नांव मागून मिळतें; कधीं फार मागून.

किती मागून, हें तारखाच सांगतात. अमेरिकेंत अँटोनेट ब्राऊन या बाईस १८५३ सालींच एका स्वतंत्र मंडळीनें पाळकपदाची दीक्षा दिली होती. अँग्लिकन पंथांत पहिली स्त्री-पुरोहित झाली ती १९४४ सालीं, युद्धकाळच्या चीनमध्यें, फ्लॉरेन्स ली टिम-ओई. इंग्लंडच्या मंडळीनें स्त्रियांस पुरोहितपद दिलें १९९४ सालीं. त्याच वर्षीं रोमच्या पोपांनीं आपल्या मंडळींत तें कदापि होणार नाहीं असें जाहीर केलें, आणि तो निर्णय अद्याप कायम आहे. दक्षिण हिंदुस्थानच्या मंडळींत २०१३ सालीं नंद्याल येथें पुष्पललिता या बिशप झाल्या. आणि ३ ऑक्टोबर २०२५ रोजीं कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठीं सारा मुलाली यांचें नांव जाहीर झालें. ज्या पंथाच्या बिशपांनीं रमाबाईंस चार तरुणांपुढें शिकवूं दिलें नाहीं, त्याच पंथाच्या सर्वोच्च गादीसाठीं एकशें एकेचाळीस वर्षांनंतर स्त्रीची निवड झाली. त्या मंडळीच्या पंचांगांत ३० एप्रिल हा दिवस रमाबाईंच्या स्मरणाचा असून त्यांचा उल्लेख शास्त्राची भाषांतरकार असा केलेला असतो.

हकीगत ऐकून ती मुलगी कांहीं वेळ गप्प राहिली. मग तिनें विचारलें, "म्हणजे आईनें थांबावें, असें का?" या प्रश्नाचें उत्तर आम्हांस चटकन सुचलें नाहीं. रमाबाई थांबल्या नाहींत. परंतु त्यांच्यापाशीं केडगांव होतें, आणि प्रत्येक बाईपाशीं केडगांव नसतें. शेवटीं आम्ही एवढेंच म्हणालों कीं, तुझी आई जें करिते त्याला पौलानें फिबीच्या बाबतींत एक नांव दिलें होतें. तें नांव कोणतें, तें घरीं जाऊन आईबरोबर वाच. आणि मंडळींतील वडिलांनाहि तेंच पान उघडून दाखव. ती पुस्तकाचें व अध्यायाचें नांव वहींत लिहून घेऊन गेली.