टेकायला जागा : इझाकायाची चारशे वर्षं

आजचा भाग एका वाटीपासून सुरू करू या.

टोक्योत संध्याकाळी तुम्ही एखाद्या इझाकायात शिरता. दारावर कापडी पडदा, बाजूला लाल कागदी कंदील, आणि पाऊल आत पडताच 'इराश्शाइमासे' अशी स्वागताची आरोळी. तुम्ही बसता, हात पुसायला ओला रुमाल येतो, तुम्ही काय पिणार ते सांगता. पेयाबरोबर एक छोटी वाटीही समोर येते. त्यात उकडलेली भाजी असेल, खारवलेलं काही असेल, माशाचा तुकडा असेल. तुम्ही ती मागवलेली नसते. आपल्याला वाटतं, आपल्याकडे जेवणानंतर बडीशेप देतात तसं काहीतरी फुकटचं असेल. बिल आल्यावर कळतं की माणशी तीन-चारशे येन लावलेत.

या वाटीला 'ओतोशी' म्हणतात. बाहेरून आलेले पाहुणे तिच्यावरून हमखास हुज्जत घालतात. पण ही वाटी म्हणजे खरं तर बसायच्या जागेचं भाडं आहे. आणि इझाकायाचा सगळा इतिहास या बसण्यातच आहे.

शब्दच बघा ना. 'इ' म्हणजे असणं, बसून राहणं. 'साके' म्हणजे दारू. समासात त्याचं 'झाका' होतं. 'या' म्हणजे दुकान. बसून प्यायचं दारूचं दुकान. आता दुकानात बसण्याचं एवढं काय कौतुक, की ते थेट नावातच जाऊन बसलं? त्यासाठी आपल्याला एदोत जावं लागेल. एदो म्हणजे आजचं टोक्यो.

1590 मध्ये तोकुगावा इएयासु एदोत आला, तेव्हा ते काही फार मोठं गाव नव्हतं. त्याने किल्ला वाढवायला घेतला, शहर वसवायला घेतलं. दगड, लाकूड आणि माणसं यांचा ओघ सुरू झाला. किल्ल्याजवळ कामाकुरागाशी नावाचा एक धक्का होता, तिथे बांधकामाचा माल उतरायचा. 1596 मध्ये त्याच भागात 'तोशिमाया' हे दारूचं दुकान सुरू झालं. हे घराणं आजही टोक्योत याच धंद्यात आहे.

तोशिमायाची युक्ती मोठी मजेदार होती. साके जवळजवळ खरेदीच्या भावात विकायची. मग कमाई कुठून? तर रिकाम्या पिंपांतून. साके लाकडी पिंपांतून यायची आणि चांगल्या पिंपाला बाजारात मागणी असायची. दारू जितकी जास्त खपेल तितकी पिंपं जास्त रिकामी होणार. म्हणून गिऱ्हाइकाला तिथेच प्यायला दिलं, आणि सोबत देंगाकु ठेवलं. देंगाकु म्हणजे काडीला टोचून, वर मिसो लावून भाजलेला तोफूचा तुकडा. तोशिमायाचा तुकडा मोठा आणि स्वस्त असायचा. मिसो खारट, त्यामुळे तहानही लागणार. हमाल, पालखीचे भोई, घोडेवाले, सरदारांकडचे नोकर असे सगळे तिथे गोळा व्हायचे.

हे नुसतं दुकानदाराच्या हुशारीने झालं नाही. शहरच तसं होतं. 1635 पासून जपानभरच्या सरदारांना आलटूनपालटून एदोत राहणं सक्तीचं झालं. सरदार आला की त्याच्याबरोबर शेकडो सामुराई आणि नोकर यायचे, बायकामुलं गावाकडे ठेवून. पुढे 1657 मध्ये मोठी आग लागली. अर्ध्याहून जास्त एदो जळून गेलं. शहर पुन्हा उभं करायला सुतार, गवंडी, मजूर लोटले. तेही बहुतेक एकटेच. 1721 च्या मोजणीत सामुराई सोडून एदोत साधारण 5 लाख माणसं होती. त्यांत पुरुष सव्वातीन लाखांच्या आसपास आणि स्त्रिया पावणेदोन लाखांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ दोन पुरुषांमागे एक बाई.

ही माणसं राहायची कुठे? नागायामध्ये. आपल्या चाळीसारखी एका ओळीत खोल्या असलेली लांबलचक इमारत. ठरलेलं माप म्हणजे साधारण नऊ फूट बाय बारा फुटांची खोली; त्यातच दार, त्यातच चूल, त्यातच अंथरूण. दहा बाय दहाच्या खोलीत दिवस काढलेल्यांना मी वेगळं सांगायला नको. त्यात घरं लाकडाची आणि आगीची कायमची धास्ती. अशा खोलीत एकट्या माणसाने रात्री चूल पेटवावी कशाला? तो बाहेर पडायचा आणि शिजवलेले पदार्थ विकणाऱ्याकडे जायचा. आगीच्या भीतीने सरकारने रात्री असं अन्न विकायला बंदी घालणारे हुकूम काढले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा काढले. हुकूम पुन्हा काढावा लागतो, याचा अर्थ आधीचा कुणी पाळलेला नसतो!

एकीकडे शिजवलेलं अन्न विकणारे, दुसरीकडे बसून प्यायला देणारे दारूवाले. अठराव्या शतकात हे दोन धंदे एकमेकांत मिसळले आणि आपल्याला ओळखता येईल असा इझाकाया तयार झाला. दारात दोऱ्यांचा पडदा, समोर टांगलेले मासे आणि ऑक्टोपस, आत उकडलेले अळकुड्यांसारखे कंद, गरम तोफू, माशाचं सार. साके धातूच्या नळकांड्यासारख्या भांड्यात गरम करून मिळायची. जपानी मालिकांमध्ये त्या काळची माणसं टेबलखुर्चीवर बसून पिताना दाखवतात, ते मात्र चुकीचं. तेव्हा टेबल नव्हतंच. बाकड्यावर किंवा उंच केलेल्या जोत्यावर बसायचं आणि ताटली शेजारी ठेवायची. 1811 च्या मोजणीत एदोत असे 1808 इझाकाया भरले. शहराची वस्ती दहा लाख धरली तर साडेपाचशे माणसांमागे एक.

आपल्या गिरणगावातही गावाकडून आलेल्या एकट्या पुरुषांसाठी खानावळी होत्या. पण खानावळीत जेवलं की उठायचं. मागे पुढची पंगत ताटकळलेली असते. इझाकायात मात्र संध्याकाळ संपेपर्यंत बसता येत होतं. ज्याच्या खोलीत दुसरं माणूस नाही, त्याच्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती.

बसणं काढून घेतलं की काय होतं, हे 1944 मध्ये दिसलं. युद्ध हातचं चाललं होतं, तांदळाची टंचाई होती, मद्यपानाची ठिकाणं बंद करवली गेली. त्यांच्या जागी टोक्योत 'राष्ट्रीय मद्यालयं' आली. माणशी साधारण 180 मिली साके किंवा बिअरची एक बाटली. त्यासाठी लांबलचक रांग. मिळालं की प्यायचं आणि निघायचं. दारू होती, इझाकाया नव्हता.

युद्धानंतर तर शहराची राख झालेली. स्टेशनांबाहेर काळे बाजार उभे राहिले. शिंजुकु स्टेशनच्या पश्चिमेला आज 'ओमोइदे योकोचो', म्हणजे आठवणींची गल्ली, म्हणून जी चिंचोळी गल्ली दिसते, ती त्याच काळातली. पीठ नियंत्रणाखाली होतं, मांस परवडत नव्हतं, पण आतड्या-काळजाच्या तुकड्यांवर बंधन नव्हतं. ते काडीला लावून निखाऱ्यावर भाजायचे आणि कसलीही हातभट्टीची दारू सोबत घ्यायची. 1947 च्या जुलैत अन्नटंचाईमुळे सरकारने खाण्यापिण्याची दुकानं बंद ठेवायचा हुकूम काढला. दुकानांनी पुढचं दार लावून मागचं उघडलं. ही बंधनं सैल व्हायला 1949 उजाडावं लागलं.

मग कारखाने आले, कचेऱ्या आल्या आणि सुटाबुटातला नोकरदार इझाकायाचा नवा मालक झाला. साहेबाच्या ग्लासात बिअर ओतायची, दिवसभर जे बोलता येत नाही ते थोडंफार बोलायचं. पण ही अजूनही पुरुषांचीच जागा होती. ते चित्र बदललं साखळी दुकानांनी. 1973 मध्ये सप्पोरोत 'त्सुबोहाची' सुरू झालं. दुकान आठ त्सुबो, म्हणजे जेमतेम 285 चौरस फुटांचं, म्हणून हे नाव! ऐंशीच्या दशकात अशा साखळ्या देशभर पसरल्या. फोटो असलेलं मेनूकार्ड, छापलेले भाव, फळांच्या चवीची हलकी पेयं. आत गेल्यावर कुणी टकमक बघेल ही धास्ती गेली. विद्यार्थी आले, बायका आल्या, मैत्रिणींचे घोळके आले. बसायची जागा पहिल्यांदाच जवळजवळ सगळ्यांची झाली.

आणि मग 2020. कोविडच्या साथीत टोक्योतल्या दुकानांना सांगितलं गेलं की सातनंतर दारू देऊ नका, आठला बंद करा. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तर दारू देऊच नका अशी सूचना आली. आता गंमत बघा. कोपऱ्यावरच्या दुकानात बिअरचा डबा मिळतच होता, आणि इझाकायापेक्षा स्वस्त. तरी लोक तो डबा घेऊन घरी जाईनात. रस्त्याच्या कडेला, स्टेशनजवळ, बागेत घोळके करून उभे राहू लागले. त्यावर बातम्या झाल्या, टीका झाली, पहारे लागले. साथीचे दिवस होते, टीका चुकीची नव्हती. पण त्या रस्त्यावरच्या माणसांना दारू कमी पडली नव्हती. त्यांना टेकायला जागा नव्हती.

म्हणून त्या वाटीबद्दल माझं मत आता बदललंय. तोशिमायाने दारूवर फायदा न घेता पिंपांवर घेतला, आजचा दुकानदार ओतोशीवर थोडा घेतो. दोघांनीही दारूच्या आडून एकच गोष्ट दिली. पुढच्या वेळी न मागवलेली वाटी समोर आली तर हुज्जत घालू नका. खाऊन टाका, आणि निवांत बसा. त्याचेच पैसे दिलेत तुम्ही.