पॉयरोसमोरचे ते पटांगण

'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' (२०१७) या चित्रपटात १९३४ सालच्या जेरुसलेममध्ये पॉयरो चोर पकडतो तो पश्चिमी भिंतीसमोर, मोकळ्या जागेत जमलेल्या गर्दीपुढे. ही मोकळी जागा तेव्हा नव्हतीच! भिंतीलगत जेमतेम ४ मीटर रुंदीचा बोळ होता. पलीकडे लगेच बाराव्या शतकापासूनची मुघ्राबी, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांची वस्ती. १९२८ साली याच बोळात प्रार्थनेच्या वेळी स्त्री-पुरुषांमध्ये लावलेल्या आडपडद्यावरून वाद पेटला. पुढल्या वर्षीच्या दंगलींत दोन्हीकडची मिळून दोनशेहून अधिक माणसे मारली गेली. जून १९६७मध्ये इस्रायलने ती वस्ती पाडली, तेव्हा कुठे पटांगण झाले. डब्यांच्या सजावटीतली बारीकसारीक चूक एक वेळ क्षम्य मानता येईल. येथे मात्र शेकडो माणसांची घरे प्रत्यक्ष पाडली जाण्याच्या ३३ वर्षे आधीच चित्रातून नाहीशी झाली आहेत.