पेठेतील लहान सदनिका : देखभाल खर्चाचे गणित

मंडई, तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता, भरत नाट्य मंदिर, टिळक रस्त्यावरील स. प. महाविद्यालय ही सारी ठिकाणे पायी गाठता येतात, हे पुण्यातील सदाशिव पेठेचे मोठे आकर्षण. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाल्याने त्यात भर पडली. वाहनाविना राहू इच्छिणाऱ्या ज्येष्ठ जोडप्यांना येथील जुन्या इमारतीतील लहान सदनिका सोयीची वाटते. विक्रीच्या जाहिरातीत 'देखभाल खर्च कमी' असा उल्लेख असल्यास मात्र तो कमी का, हे तपासणे हिताचे ठरते.

संस्था की अपार्टमेंट?

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार सफाई, पहारा, सामाईक वीज आदींचे सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असते. लिफ्टचा खर्चही समान विभागला जातो. त्यामुळे घर लहान म्हणून हा आकार कमी होत नाही. पुण्यात अनेक इमारती १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. तेथे खर्चाची वाटणी घोषणापत्रातील अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीनुसार होते. लहान सदनिकेला ती किफायतशीर पडते.

निधी पुरेसा आहे का?

संस्थेने बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड दरवर्षी जमा करावा, असे उपविधी सांगतात. मात्र हा खर्च मूळ बांधकामाचा. समजा, चाळीस वर्षांपूर्वी सदनिकेचा बांधकाम खर्च ६०,००० रुपये होता, तर दोन्ही निधी मिळून वर्षाला जेमतेम ६०० रुपये होतात. एवढ्यात गच्चीची गळती थांबत नाही किंवा जलवाहिन्याही बदलता येत नाहीत. मग एकरकमी वर्गणीचा बोजा नव्या मालकावर पडतो. म्हणून मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, वार्षिक सभांची इतिवृत्ते आणि संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागून घ्यावा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी आवश्यक आहे.

कागदपत्रे

मूळ करारनामा, सूची क्रमांक दोन, मिळकत पत्रिका, भाग प्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि मिळकतकराची पावती पाहावी. जमीन अद्याप विकसकाच्या किंवा मूळ मालकाच्या नावे असल्यास अभिहस्तांतरण झालेले नाही, असे समजावे; पुनर्विकासाच्या वेळी हीच बाब अडचणीची ठरते. जुन्या करारात क्षेत्रफळ बहुधा 'बिल्टअप' दिलेले असते. भाव ठरविण्यापूर्वी चटई क्षेत्र प्रत्यक्ष मोजून घ्यावे.

महापालिका हद्दीत संस्थेला हस्तांतरण अधिमूल्य कमाल २५,००० रुपये घेता येते. त्याशिवाय देणगीची सक्ती करता येत नाही.

तिसऱ्या मजल्यावरील लिफ्ट नसलेली सदनिका स्वस्त मिळते आणि तिचा मासिक खर्चही कमी असतो. पण पायी फिरण्यासाठी पेठ निवडणाऱ्या ज्येष्ठांनी दहा वर्षांनंतर तो जिना चढवेल का, याचाही विचार व्यवहारापूर्वीच करावा.